डोळ्यांच्या दवाखान्यात गुडघा

हेस्टर क्लेग आमच्या गल्लीत, दोन दारं सोडून राहायची. इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरणीत चार माग एकटी सांभाळायची. नाकासमोरचा तुटका धागा तिला अचूक दिसायचा, पण पन्नाशीला आली तशी रस्त्यात सारखी पडायला लागली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा उजवा गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा सुजला.

दवाखाना फुकट होता, पण देणगीदाराची चिठ्ठी असल्याशिवाय दारवान आत सोडत नसे; आणि देणगीदारांना वर्षाला मोजक्याच चिठ्ठ्या मिळत. हेस्टर लंगडत बिअरच्या कारखानदाराकडे गेली. त्याच्या वर्षाच्या चिठ्ठ्या संपलेल्या. गिरणीमालकाने शेवटची आपल्या कोचमनला दिलेली. पाद्रीणबाईंच्या कपाटात मात्र एक निघाली.

"पण ही डोळ्यांच्या दवाखान्याची आहे गं."

"द्या हो बाई. दवाखाना तो दवाखाना."

दारवानाने चिठ्ठी पाहून आत सोडलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय?"

"गुडघा दुखतोय, डॉक्टरसाहेब."

"बाई, इथे डोळे बघतात!"

"ठाऊक आहे. इतका दुखतो की डोळ्यांत पाणी येतं."

डॉक्टर हसले नाहीत. चिठ्ठी आली म्हणजे डोळे तपासायलाच हवेत, असा नियम. त्यांनी तिला भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली.

"कुठली भिंत?" हेस्टर म्हणाली.

मग चष्मा मिळाला. घरी येऊन तिने नवऱ्याकडे नीट पाहिलं.

"एमस, तू एवढा म्हातारा कधी झालास रे?"

"तू पडत होतीस तेव्हा," तो पाईप ओढत म्हणाला.

बरं झालेल्याने चर्चमध्ये आभार मानायचे, हाही नियमच. रविवारी पाद्रीबाबांनी जाहीर केलं, "हेस्टर क्लेग पूर्ण बरी झाली. गुडघे टेकून देवाचे आभार मानू या." सगळ्यांनी टेकले. हेस्टर ताठ उभी.

"टेक ना, कृतघ्न कुठली!" पाद्रीणबाई कुजबुजल्या.

"टेकले असते हो बाई, पण गुडघ्याची चिठ्ठी कुठे मिळाली?"

मागच्या बाकांवर आम्ही हसू दाबता दाबता रडकुंडीला आलो.

जानेवारीत नव्या चिठ्ठ्या आल्या, तेव्हा पाद्रीणबाईंनी मोठ्या दवाखान्याची पहिली चिठ्ठी स्वतः तिच्या घरी आणून दिली. तोवर सूज उतरून गुडघा तसाच आखडला होता. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. चष्मा लागल्यापासून हेस्टर मात्र एकदाही पडली नाही. अकरा वर्षं मागांवर राबली. "उभं राहायला कुठे वाकवावा लागतो?" म्हणायची, आणि ताठ पाय बाजूला टाकत कामाला निघायची.