न फुटलेला बांध

बुधवारी मी कामावर जात नाही. इथल्या डच शाळा बुधवारी अर्धा दिवस असतात, म्हणून पुष्कळ आया त्या दिवशी सुट्टी घेतात. सुट्टी आपली म्हणायला. बाकीचे दिवस मी वाखनिंगन गावातल्या एका प्रयोगशाळेत कुठलं बी उगवलं आणि कुठलं नाही ते बघत बसते. जाताना सायकल, ट्रेन, पुन्हा सायकल, आणि वारा दोन्ही वेळा समोरूनच. बुधवारी बियांच्या जागी कपडे आणि भांडी येतात, एवढाच फरक. सांगायचं काय, तर मी दमलेली होते. जे केलं त्याला ही सबब नाही, पण दमलेली होते खरी.

माझी लेक अकरा वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर डचमध्ये येतं. फार चिडली किंवा फार लाडात आली, तरच मराठी. त्या महिन्यात त्यांच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला आपापलं एक कॉमिक काढायला सांगितलं होतं. गोष्ट स्वतःची, चित्रं स्वतःची. गुरुवारी द्यायचं, शुक्रवारी ती सगळी शाळेच्या भिंतीवर लागणार आणि आईवडील बघायला येणार.

तिची गोष्ट मी पोळ्या लाटता लाटता ऐकली. एक सुपरहिरो बाई असते. समुद्राचा बांध फुटणार असं तिच्या मनानं घेतलेलं असतं. मग काय, रविवारी सगळं गाव जेवायला बसलेलं असताना ती कुणाला न विचारता घरंच्या घरं उचलते आणि नेऊन मास्ट्रिख्टच्या टेकड्यांवर ठेवते, कारण या सपाट देशात टेकड्या तेवढ्या तिथेच. आणि बांध काही फुटत नाही. इकडे लोकांचं सूप सांडलेलं, कुणाची सायकल मागेच राहिलेली, एका आजोबांचे घेवड्याचे वेल मुळासकट उपटलेले. ती सगळ्यांना परत आणून सोडते, पण आता तिला कुणी दारात उभं करत नाही. सगळं गाव पडदे ओढून घेतं. इथे संध्याकाळीसुद्धा कुणी पडदे ओढत नाही, रस्त्यावरून जाताना लोकांची ताटं दिसतात, तेव्हा हे केवढं मोठं ते मला कळलं.

"मग पुढे?" मी विचारलं.

पुढे तिला सुचत नव्हतं. लोकांनी पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

"सोपं आहे," मी म्हटलं. "एक मोठा राक्षस आण. ती त्याला मारेल, लोक टाळ्या वाजवतील. आम्ही लहानपणी वाचायचो त्या कॉमिक्समध्ये असंच असायचं. हिरोनं अर्धं शहर पाडलेलं असलं तरी राक्षस आला की सगळं माफ."

"ते चीटिंग आहे," ती म्हणाली. "राक्षसाला घाबरून ते तिला बोलावतील. पण विश्वास थोडाच बसेल?"

मला तेव्हा ते पोरकट वाटलं. तिच्या वहीतल्या चित्रांत डोकावून मी म्हटलं, "आणि तो चष्मा काढ आधी तिचा. सुपरहिरोला कुठे चष्मा असतो?" ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि वही मिटून निघून गेली.

बुधवार उजाडला तरी शेवटची दोन पानं कोरी. दुपारी ती जिम्नॅस्टिक्सला गेली. मी टेबल पुसायला म्हणून तिची वही उचलली, आणि नुसतं बघावं म्हणून उघडली. पेन्सिलच्या रेषा फिक्या, घरं कलती. परवा सगळ्यांची पानं भिंतीवर चमकणार आणि हिचं हे असं अर्धवट. आमच्याकडे शाळेचं प्रोजेक्ट म्हणजे घरच्यांचं प्रोजेक्ट. माझ्या बाबांनी थर्माकोलची सूर्यमाला करून दिली होती, तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि शनीचं कडं कशाचं केलंय हे परीक्षकांनी विचारल्यावर मी ढिम्म उभी होते. हे मला आठवत होतं बरं का, पुसट नाही, अगदी स्वच्छ आठवत होतं. तरी मी काळं पेन घेतलं.

पट्टी लावून घरं सरळ केली. सगळ्या पानांवरचा चष्मा खोडून टाकला. मग शेवटच्या दोन पानांवर बांध फोडला. धो धो पाणी, पण बाई येते, सगळ्यांना वाचवते, लोक हात जोडतात, तिचं बरोबरच होतं म्हणतात. अखेरच्या चौकटीत शाल आणि नारळ देऊन सत्कार. चित्रं वाईट नव्हती. वही तिच्या दप्तरात ठेवून दिली, सरप्राइझ म्हणून.

गुरुवारी दुपारी बाईंचा निरोप आला, शाळा सुटल्यावर जरा भेटाल का. त्या छोट्या खुर्च्यांवर आम्ही तिघी बसलो. इथे मुलांबद्दल बोलायचं तर मुलांना समोर बसवून बोलतात. लेकीनं वही वर्गासमोर उघडली होती आणि तिथेच पहिल्यांदा पाहिली होती. बाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी विचारलं, "हे कुणी काढलं?"

"आईनं," लेक म्हणाली.

"मी जरा मदत केली," मी म्हटलं.

"मी मागितली नव्हती." हे ती डचमध्ये, बाईंकडे बघून म्हणाली. माझ्याकडे बघितलंच नाही. बाईंनी तिला एक आठवडा वाढवून दिला आणि भिंतीवरची तिची जागा रिकामी ठेवते म्हणाल्या. शुक्रवारी मी ती रिकामी जागा बघून आले. आजूबाजूला सगळी कॉमिक्स वेडीवाकडीच होती.

नंतरचे दिवस सांगण्यासारखे नाहीत. ती भांडली असती तर परवडलं असतं. ती नीट वागत होती. वही कपाटात गेली, खोलीचं दार बंद झालं. मी शिरा केला, तर तो खाल्ला, थँक यू म्हणाली, आणि पुन्हा दार बंद. शेजारणीला म्हणावं तसं थँक यू. मला तेव्हा खरंच भीती वाटली. ही आता कधी मला काही दाखवायचीच नाही, दहा वर्षांनी फोनवर हवापाण्याचं बोलेल आणि ठेवून देईल, असं डोळ्यांपुढे आलं.

नवरा स्लोटरडाइकच्या ऑफिसमधून यायचा तोच मान टाकून. बूट काढता काढता म्हणाला, "अगं, आपल्याकडे चालायचं हे. पण तू तिला सॉरी म्हणालीस का?"

"म्हणाले की."

"काय म्हणालीस?"

"सॉरी, पण तुझी पानं कोरी होती ना, म्हणून."

तो एक बूट हातात घेऊन तसाच बसून राहिला. त्या 'पण'चं माझं मला कळलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या दारावर टकटक केलं. आयुष्यात पहिल्यांदा असेल, आमच्यात दार ढकलायचंच असतं.

आतून आलं, "काय हवंय?"

"काही नको. मी चुकले. वही तुझी होती, मी हात लावायला नको होता." 'पण' हा शब्द अगदी ओठांवर आला होता, तो गिळला. मी जाऊन कपड्यांच्या घड्या घालत बसले. त्यानंतर रोज संध्याकाळी दार वाजवून दूध बाहेर ठेवायचे आणि निघून यायचे. आत जायचे नाही, विचारायचे नाही. माझ्यासारखीला हे किती जड जातं ते माझं मला माहीत.

पुढच्या बुधवारी दुपारी मी पालक निवडत होते. ती नवीन कागद, पेन्सिल आणि लांब पट्टी घेऊन आली आणि समोर बसली.

"आई, हे टोक धर," मराठीत म्हणाली. "फक्त धर."

मी ओले हात पुसले आणि धरलं. तिला दोन पानांवरून आरपार बांधाची रेघ ओढायची होती. पट्टी तिरकी लागली होती. माझ्या जिभेवर आलं होतं, मी बोलले नाही. रेघ तिरकीच आली.

मग तिनं मला बाकीचं बघू दिलं. या वेळी बांध शेवटपर्यंत फुटत नव्हता. राक्षस नव्हता, शाल-नारळ नव्हता. बाई एकेका घराची बेल वाजवते आणि दार उघडलं नाही तर परत जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. कुणाची सायकल शोधून आणून दारात ठेवते आणि निघून जाते. शेवटच्या चौकटीत ते आजोबा पडदा वीतभर सरकवतात, बाहेर येतात आणि घेवड्याच्या वेलाची दोरी तिच्या हातात देतात. ती दोरी धरून उभी आहे, बस्स.

बाईला चष्मा होता. त्याची उजवी काडी मोडलेली, पांढऱ्या चिकटपट्टीनं जोडलेली. मी नकळत हात वर नेला. माझ्या चष्म्याची काडी मीच गेल्या हिवाळ्यात तशी जोडली होती, नवीन करायला वेळ झाला नव्हता. पहिल्या पानापासून तो चष्मा तिथे होता आणि मी बसून प्रत्येक पानावरचा खोडला होता.

मी विचारलं, "म्हणजे आता बसला त्यांचा विश्वास?"

"अजून नाही," ती पुढची रेघ आखत म्हणाली. "नीट धर ना, पट्टी हलतेय."