आईने पिशवीत ठेवलेले सोडे
काल वेसाव्याच्या बाजारातून सुक्या कोळंबीची, सोड्यांची पुडी आणली. उघडताच त्या खारट वासाबरोबर ऑनर्सच्या चौथ्या वर्षासाठी दिलेली मुलाखत आठवली. मराठी विभागात जागा मोजक्याच होत्या आणि मी ‘संशोधनाची आवड’ वगैरे उत्तर पाठ करून गेले होते. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी फाइल मागितली, मी पिशवी उघडली आणि खोलीभर वास पसरला. मासळी विकणाऱ्या माझ्या आईने गुपचूप सोड्यांची पुडी आत सरकवली होती. कुणाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, हा तिचा नियम. मला वाटलं, लागली वाट. बाई हसल्या. “लाच आहे का गं?” “नाही बाई, आईने ठेवलेत.” “बरं, तीन वर्षांत पदवी मिळतेच आहे, मग चौथं कशाला?” पाठ केलेलं सगळं विसरले. म्हटलं, “आईकडे वाऱ्यांची, माशांची, जाळ्यांची कितीतरी नावं आहेत, ती कुठल्या कोशात नाहीत. मला ती लिहून घ्यायची आहेत.” बाईंनी यादीत माझं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, “सोमवारपासून ये. पुडी इथेच ठेव.” धावत घरी गेले, तर आईचा एकच प्रश्न, “बाय, सोडे दिलेस ना?” ते वर्षभर मी वही घेऊन तिच्या टोपलीशेजारी बसले. पुढच्या वर्षी ती गेली. काल सोडे भिजत घालून ती वही उघडली. कोळंबीच्या पानावर तिने सांगितलेली सगळी नावं होती. मी ती एकेक करून मोठ्याने वाचली, आणि वेळेत विचारलं होतं म्हणून हायसं वाटलं.