सरांच्या मशीनची मेमरी
इथे मस्कतच्या सर्व्हर रूममध्ये तापलेल्या तारांचा वास आला, की मला रत्नागिरीतला तो संगणक वर्ग आठवतो. नववीत शाळा सोडून मंडणगडहून आलेला मी तिथली मशिनं सांभाळायचो. तिथल्या एका मॅडमनी मला काळ्या पडद्यावर कमांड लिहून व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आतला दुसरा संगणक, चालवायला शिकवलं होतं. वर्गाच्या सरांना ते खपायचं नाही. "नववी नापास, तू फडका मार," असं ते मुलांदेखत म्हणायचे नि मुलं हसायची. म्हणून पालकांसमोर त्यांचं प्रात्यक्षिक होतं त्या दिवशी सकाळीच मी त्यांचं व्हर्च्युअल मशीन बंद केलं नि एक ओळ लिहून त्याची मेमरी इतकी कमी केली की ते धड सुरूच होऊ नये. दुपारी पालक जमले तेव्हा मी गुपचूप मागे जाऊन उभा राहिलो. सर क्लिक करत राहिले, मशीन काही उठेना. त्यांच्या मानेवरून घाम निथळायला लागला. मागून एक बाप म्हणाला, "सर, आमची म्हस पण याच्या आधी उठते हो." मला आतून गार गार वाटलं. "याला हात कोणी लावला?" सर ओरडले. ती ओळ लिहिता येणारे मॅडम नि मी, आम्ही दोघंच. मॅडमनी माझ्याकडे एकदाच पाहिलं नि म्हणाल्या, "मीच काल मेमरी कमी केली, वाढवायची राहिली." सरांनी त्यांना सगळ्यांदेखत नाही नाही ते सुनावलं, आणि नोकरी जाईल या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. सरांच्या त्या घामाचं मला आजही समाधान वाटतं. पण ज्यांच्यामुळे इथवर आलो, त्या मॅडमना फोन लावायला घेतला की बोट अजून थांबतं.