बांधावरचा वाटेकरी

दादा, मी आपलं खारी गाव सोडलं त्या सकाळी तू आणि आय वेशीपर्यंत आलात. बाबा आले नाहीत. ते शेतात उभे होते. भात उभं असायला हवं होतं तिथं खाडीचं पाणी चकाकत होतं. मी लांबून हाक मारली, त्यांनी मान वळवली नाही. वळकटी खांद्यावर टाकून मी भाईंदर स्टेशनची वाट धरली.

लालबागच्या चाळीत माझ्यासारखे खूप आहेत. कुणाची जमीन गेली, कुणाची गुरं. दादा, तुझ्याबरोबर त्यांच्यासाठीही हे सांगतोय.

घोडबंदरच्या डोंगराखाली राहणारा सोमा गवळी आमच्या लहानपणापासून कापणीनंतर म्हशी घेऊन यायचा. म्हशी भाताचे खुंट खायच्या, शेतात शेण पडायचं, कुणाची तक्रार नसायची. मग गुरचरणावर मिठागरं झाली. म्हशींना ना चारा उरला ना वाट. सोमा भरल्या पिकात, खाडीचं पाणी अडवणाऱ्या आमच्या बांधावरून कळप नेऊ लागला. खुरांखाली बांध खचत गेला आणि एका उधाणाला फुटला. उभं पीक खाऱ्या पाण्यात गेलं.

बाबांनी काठी उगारली. सोमानंही उगारली. "शेत तुमचं, मग माझ्या म्हशींनी काय वारा खावा?" असं तो ओरडत होता. दादा, तू मध्ये पडलास म्हणून डोकी वाचली. पंचांनी शेताच्या कडेनं म्हशींना वाट द्यायला लावली. मी आयला सांगितलं, "त्याचा कळप आपल्या शेतातून जाणार असेल तर मी इथं राहणार न्हाय."

आय म्हणाली, "खारं पानी पावसानं धुऊन जाईल रं. तुझ्या मनातलं कोन धुवंल?"

गिरणीत सुताला खळ लावायच्या सायजिंग खात्यात लागलो. भोंग्यावर उठायचं, पाळी संपली की आळीपाळीनं एकाच चटईवर झोपायचं. लढाईच्या दिवसांत तांदूळ रेशनवर आला. खडे निवडता निवडता आमच्या लाल भाताचा वास आठवायचा. तेव्हा गावचा एकजण भेटला. म्हणाला, "तुमचं शेत पुन्हा पिकाला लागलंय. दादा नि सोमा मिळून बांध घालतात. म्हशींना वाट आणि खुंट, शेताला शेण, असं ठरलंय दोघांचं." मी हसून "बरं झालं" म्हणालो. पण खरं सांगतो, माझ्या हातचा चिखल त्या परक्या माणसाच्या हाताला लागत होता.

बाबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पाळीवर होतो. पोचलो तर सगळं आटोपलं होतं. पुढचा खांदा तुझा होता, दादा. दुसरा सोमाचा. कुणी काही लपवलं नाही, सहज सांगितलं. बाप गेल्याचं रडू आलंच, पण त्या रडण्यात दुसरंही काही होतं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी विहिरीवर जाऊन तोंड धूत राहिलो.

तेराव्याला जेवायला बसलो. आयनं माझ्यापुढं पाट मांडला, पितळी ताट ठेवलं. सोमा चुलीजवळ उकिडवा बसला होता. त्याला तिनं आपल्या हातानं भाकरी दिली, वर रागावलीही, "सावकास खा, ठसका लागंल." मी म्हणालो, "आय, मलापन तिकडंच वाढ की."

"तो रोजचा हाय," ती म्हणाली. "तू पावना. तुला जमिनीवर कसं बसवू?"

निघताना तिनं तांदळाचं गाठोडं बांधलं. सोमानं ते माझ्या हातून काढून घेतलं आणि स्टेशनपर्यंत आणलं. गाडी आल्यावर म्हणाला, "बाबा तुमची लय आठवन काढायचे. बांधावर बसलो की तुमचंच बोलायचे." मला त्याचे आभार मानायला हवे होते. मला वाटलं, बाबांच्या त्या गोष्टीही यानंच ऐकल्या.

"येत जावा," तो म्हणाला. माझ्याच गावाला त्यानं मला बोलावलं.

चाळीत शेजाऱ्याला मुकादमी मिळाली, दुसऱ्यानं स्वतंत्र खोली घेतली. त्यांचं मला काही वाटत नाही. मुंबईत मी कुणावर जळत नाही. पण कापणीचे दिवस आले की पाळीवर उभं असताना सोमा आता आमच्या शेतात उतरला असेल, असं मनात येतं आणि हात थांबतो. ज्या जागेसाठी अजून असा जीव जळतो, ते माझं घर.