सुंदराच्या कोंबडीचं गाव

सुंदरा,

हे पत्र हिलालकडून वाचून घे. मध्येच तो म्हणेल, "बाई फार लांबण लावतात." त्याला म्हणावं, पुढे वाच. तुझ्याबद्दल चार लोकांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून तुला ठाऊक असलेल्या गोष्टीसुद्धा यात येतील. कंटाळू नकोस.

तू शिंदखेड्याकडची. नवरा हिलाल पांडेसऱ्याच्या रंगाई कारखान्यात लागला, त्याच्यामागोमाग सुरतेत आलीस आणि उधन्याच्या बाजारात कोपऱ्यावर गावरान कोंबड्या विकायला बसलीस. मी शकुंतला, मराठी शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. पहिल्याच दिवशी आपलं वाजलं. मी एका कोंबडीचे पाय धरून तिला उलटी उचलली, वजन बघायला. तू माझ्या हातावर चापट मारलीस.

"पाय धरू नका बाई. तुम्हाला कुणी पाय धरून टांगलं तर?"

भर बाजारात! मला राग आला. पण घरी येईपर्यंत पटलं होतं, आणि पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तुझ्याकडेच आले.

तुझी रीत सगळ्या बाजारापेक्षा वेगळी होती. बाकीचे कोंबड्यांचे पाय सुतळीनं बांधायचे, दहा-दहांचा झुबका सायकलला उलटा लटकवायचे. तू आठवड्यातून दोनदा भुसावळ पॅसेंजरनं जायचीस, खांडबारा, चिंचपाडा, नवापूर इथल्या बायकांच्या अंगणातून कोंबड्या घ्यायचीस आणि बांबूच्या डालग्यात बसवून आणायचीस. एका डालग्यात आठ, नववी नाही. वाटेत पाणी पाजायचीस. हिलाल कारखान्यातून रंगीत चिंध्या आणायचा, त्या तू कोंबडीच्या पायाला सैल बांधायचीस. लाल म्हणजे खांडबारा, पिवळी चिंचपाडा, हिरवी नवापूर. कुणी विचारलं की सांगायचीस, "ही लाल ना, निंबाच्या आईची. जुवारी खाऊन वाढली. नाल्याकाठी चरायची." गिऱ्हाईक हसायचं. पण न्यायचं तुझीच.

आपल्या खान्देशी लोकांना तर तुझीच लागायची. नवसाची कोंबडी देवापुढे उभी करतात, तिच्यावर पाणी शिंपडतात. तिनं अंग झटकलं तर देवानं घेतली. नाही झटकलं तर मंडळी ताटकळत बसतात, पुन्हा शिंपडतात, आणि शेवटी नवस राहून जातो. उलटी लटकून, पाय सुजून आलेली कोंबडी अंग काय झटकणार? तुझी मात्र खडखडीत उभी राहायची. माझा नवसावर विश्वास नाही. पण ज्या देवाला धडधाकट कोंबडी लागते, तो निदान तेवढा तरी शहाणा आहे, असं मी म्हणते.

आता माझ्या शहाणपणाची गोष्ट. सत्त्याण्णव साली माझ्या सुनेनं, ऋचानं, एका नव्या थंडगार दुकानातून कोंबडीचं पाकीट आणलं. गोठलेलं, दगडासारखं. वर कंपनीचं नाव, वजन, तारीख, कसं शिजवायचं त्याचं चित्र. गंमत म्हणून मी ते तुला दाखवायला आणलं. तू ते उलटसुलट करून पाहिलंस.

"बाई, हिचं गाव कुठंय?"

"लिहिलेलं नाही."

"एवढं लिहिलं आणि गाव नाही लिहिलं? मग ती राहिली कुठं? खाल्लं काय?"

"मोठ्या शेडमध्ये वाढवत असतील हजारोंनी."

"मग शेडला गाव नसतं का?"

अडलं की मी काहीतरी करायला घेते. ही माझी जुनी खोड. मी म्हटलं, सुंदरा, तुझ्या कोंबडीला गाव आहे, मग ते छापील असायला हवं. चिंध्या काय बांधत बसलीयस? शिकलेलं गिऱ्हाईक चिंधीवर विश्वास ठेवत नाही. तू मान हलवत होतीस. "माले ते कागदाचं नही समजत," म्हणालीस. मी ऐकलं नाही. छापखान्यात जाऊन गठ्ठाभर चिठ्ठ्या छापून आणल्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. 'सुंदराबाईंची गावरान कोंबडी. पाय न बांधता आणलेली. गाव: खांडबारा.' खाली छोटंसं कोंबडीचं चित्र. काय रुबाब वाटला होता मला!

चिंधीऐवजी पायाला अडकवलेल्या चिठ्ठ्या तीन महिने छान चालल्या. नवी गिऱ्हाइकं आली, स्कूटरवाली. मग तुझं गिऱ्हाईक हळूहळू घटायला लागलं. मला वाटलं, उन्हाळ्यामुळे.

चैत्रात एका सकाळी मी अंडी घेत होते, तेवढ्यात वाल्मिक आला. लूमवर काम करणारा, तुझ्या ओळखीचा. चेहरा लालबुंद.

"वहिनी, भाऊबंदांसमोर नाक कापलं माझं! पोराच्या आजारपणाचा नवस होता. कोंबडी उभीच राहीना. बसली ती बसलीच, पिठाच्या गोळ्यासारखी. तीनदा पाणी टाकलं, हूं नाही की चूं नाही. सासरे म्हणाले, देवानं तोंड फिरवलं. बायको दोन दिवस रडतेय."

"माझ्याकडून कधी नेली?"

"पलीकडच्या दुकानातून घेतली, पण तुमचीच होती. हा बघा कागद."

त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. तीच अक्षरं, तेच चित्र. तू ती पाहिलीस, मग माझ्याकडे पाहिलंस. सुंदरा, तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

चिठ्ठी पलीकडच्या गल्लीतल्या बन्सीलालची निघाली. तो शेडमधल्या, गावरानसारख्या दिसणाऱ्या तपकिरी पिसांच्या कोंबड्या ट्रकनं मागवायचा, पाय बांधून, एकावर एक. त्या वजनासाठी अशा वाढवलेल्या असतात की पायांना शरीर पेलत नाही. हे मी पोरांना फळ्यावर शिकवलेलं आहे. मी तडक त्याच्या दुकानात गेले.

"ही चिठ्ठी आमची आहे."

एखादा पानवाला हसतो तसा तो हसला. "बेन, कागळ तो कोई पण छपावे."

खरंच होतं. कागद कुणीही छापतो. तुझी चिंधी मात्र कुणी उचलली नव्हती, कारण चिंधी बोलायची नाही, तू बोलायचीस. निंबाच्या आईचं अंगण बन्सीलालला कुठून सांगता येणार होतं? छापून मी ते बोलणं बंद केलं आणि चोराच्या हातात तयार नाव दिलं. परत येऊन मी म्हटलं, "तक्रार करू. अर्ज मी लिहिते."

"अर्ज राहू द्या बाई," तू म्हणालीस. मग वाल्मिककडे वळलीस. "भाऊ, रविवारी माझ्याबरोबर गाडीत बस. खांडबाऱ्याला चल. अंगणातून तुझ्या हातानं कोंबडी उचल. नाही उभी राहिली तर पुन्हा माझं नाव घेऊ नको."

वाल्मिक कुरकुरला, पण गेला. पुढच्या मंगळवारी आला तो हसतच. कोंबडीनं पाण्याचा पहिला थेंब पडताच असं अंग झटकलं की सासऱ्यांच्या चष्म्यावर पाणी उडालं. "वहिनी, सासरे म्हणतात, ही जरा जास्तच राजी होती!"

तू सगळ्या चिठ्ठ्या चुलीत घातल्यास आणि पुन्हा चिंध्या बांधायला लागलीस. पण वाल्मिक एकटा. बाकीच्यांना कोण गाडीनं नेणार? बन्सीलालची कोंबडी स्वस्त होती, आणि त्याच्या चिठ्ठीवर तुझंच नाव होतं. ज्याच्याकडे लंगडी निघाली, तो तुझ्या नावानं खडे फोडायचा. पावसाळा संपेपर्यंत बाजारात 'सुंदराबाई' हा फसवणुकीचा शब्द झाला.

तेव्हा तू मला एक काम सांगितलंस. तू कधी काम सांगितलं नव्हतंस.

"बाई, माझं नाव त्यानं घेतलं. त्या बायांची नावं तो कशी घेईल? त्या तर तिथं बसल्यात. माझ्याबरोबर एकदा चला. प्रत्येकीचं नाव, घर, पाडा लिहून द्या. इथं ठेवते. ज्याला शंका आहे त्यानं जाऊन विचारावं. माले लिहिता येत नही, नाहीतर तुम्हाला त्रास दिला नसता."

मी हो म्हटलं. हसत म्हटलं, त्यात काय! मग माझ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. मग दिवाळी. मग मुलाची, तुषारची, बदली होतेय की नाही याचा गोंधळ. तू दर आठवड्याला विचारायचीस, "बाई, या रविवारी?" आणि मी दर आठवड्याला कारण सांगायचे. सगळी कारणं खरी होती, तरीही ती कारणंच होती. एक दिवसाचा प्रवास, सुंदरा! सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

जानेवारीत तू शेवटचं विचारलंस. मी म्हटलं, "या रविवारी ऋचाचं डोहाळजेवण आहे. पुढच्या नक्की." पुढच्या शुक्रवारी गेले तर तुझ्या कोपऱ्यावर चपलांची गाडी उभी होती. तुझ्या शेजारी बसणाऱ्या मालतीबाई म्हणाल्या, तू चलथाणला बहिणीकडे गेलीस, आता कोंबड्या नाही, उसाच्या कामाला जातेस. हिलाल तिथूनच पांडेसऱ्याला ये-जा करतो.

खांडबाऱ्याला मी अजून गेलेली नाही. निंबाच्या आईचं नाव काय, हेसुद्धा मला ठाऊक नाही.