साकीनाक्यावरून आणलेले चार हमाल

वडिलांना अर्धांगवायू झाला आणि घाटकोपरच्या खोलीत यापुढे राहता येणार नाही, हे थोड्याच दिवसांत कळून चुकलं. खोली तळमजल्यावर होती, पण संडास चाळीच्या दुसऱ्या टोकाला होते आणि सकाळी तिथे रांग असे. वडिलांचा उजवा हात आणि उजवा पाय गेला होता. शब्द तोंडातल्या तोंडात राहत. ते फक्त आईला समजत. ती खाटेजवळ भांडं धरी, मग ते पदराखाली झाकून चाळीच्या टोकाला नेऊन ओती. दारात बसलेल्या बायका तेवढ्यापुरत्या दुसरीकडे पाहत. पुढे पुढे वडिलांनी पाणी पिणंच कमी केलं. तपासायला आलेल्या डॉक्टरांनी त्यावरून आईला फैलावर घेतलं.

मुलुंडला पूर्वेकडे फ्लॅट घेतला तो एवढ्यासाठी. खोलीची पागडी, वडिलांचा गिरणीतून आलेला फंड आणि माझं ऑफिसातलं कर्ज मिळून जे बसत होतं ते चौथ्या मजल्यावर बसत होतं. ताबा मिळण्याआधी आई एकदाच घर पाहायला आली. हॉलमध्ये खाट जिथे ठेवायची तिथे उभी राहिली आणि तिथून संडासाच्या दारापर्यंत चालून पाहिलं. चार पावलं. पुन्हा चालून पाहिलं. मी म्हटलं, स्वयंपाकघर तरी बघ. ती म्हणाली, "रांधूक काय, खंय पण येता."

लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. बिल्डरच्या ऑफिसातला माणूस दर खेपेला सांगे की लिफ्ट येऊन पडली आहे, फक्त बसवायची राहिली आहे. तोवर थांबायची सोय आम्हाला नव्हती. आमच्या खोलीत येणारं कुटुंब नवीन होतं आणि त्यांनाही त्यांची जुनी जागा सोडायची होती.

सामान हलवणाऱ्या कंपन्या तेव्हाही होत्या, पण त्या बदली होणाऱ्या बँकेच्या साहेबांसाठी. आमच्यासारखे लोक नाक्यावरून टेम्पो ठरवत. साकीनाक्याला वर्कशॉपांची यंत्रं वाहणारे टेम्पो उभे असत. त्यांचे हमाल जड सामानाला सरावलेले असतात, असं ऑफिसात कुणी तरी सांगितलं म्हणून तिथे गेलो. मुकादम साताऱ्याकडचा होता. टेम्पोच्या फळीवर बसून तो तंबाखू मळत होता.

"किती माळे?"

"चार."

"लिप?"

"नाही."

"जड काय काय हाय?"

मी लोखंडी कपाट, पाटा, दोन ट्रंका सांगितल्या. मग वडील सांगितले.

"म्हातारं चालत न्हाई?"

"नाही."

"बसतं?"

"टेकून ठेवलं तर. पण घसरतात."

त्याने तंबाखू तोंडात टाकली आणि थोडा विचार केला. "मग खाटंवरनंच न्यावं. चार पाय, चार गडी. लेथ मशीन चढवतो आमी, सायेब. म्हाताऱ्याचं काय वजन?"

मला ते पटलं. चार हमाल ठरले, देखरेखीला तो स्वतः. या हिशेबात काही चुकतं आहे असं त्याला वाटलं नाही, मलाही नाही. घरी येऊन आईला सांगितलं. तिलाही नाही.

घाटकोपरहून निघताना वडिलांच्या खाटेला हमालांनी हात लावण्याची वेळच आली नाही. चाळीतले सगळे पुढे झाले. शेजारचे दोन भाऊ, समोरच्या खोलीतले मास्तर, कामावर न गेलेली पोरं, अगदी इस्त्रीवालासुद्धा. कुणी पायाकडून धरलं, कुणी मधून, कुणी नुसता हात टेकवला. जो तो दुसऱ्याला सूचना देत होता. "अरे हळू, यार." "तू सोड, तुझ्यामुळेच वाकडी होतेय." अशी गर्दीत तरंगत खाट टेम्पोत गेली. वाटेतल्या धुळीसाठी आईने वडिलांच्या अंगावर धुतलेली पांढरी चादर गळ्यापर्यंत ओढली आणि ती बाजूला ट्रंकेवर बसली. मांडीवर देवांचं गाठोडं. नव्या घरात देव आणि भरलेलं पाणी आधी जायला हवं, म्हणून शेजारणीने मातीचं एक मडकं आणून दिलं. ते भरल्यावर निसटतं म्हणून तिने त्याच्या गळ्याला सुतळीचा फास बांधून दिला. ते घेऊन मी ड्रायव्हरशेजारी बसलो. मुलुंडला पोहोचल्यावर खालच्या नळावर भरायचं, असं ठरलं होतं.

पोहोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. इमारतीतले निम्मे फ्लॅट बंद होते. लिफ्टच्या दाराला आडवी फळी ठोकलेली होती. आई म्हणाली, "मी देव मांडतंय. तू पाणी घेऊन ह्यांच्याबरोबर ये." ती गाठोडं घेऊन जिना चढून गेली. मी मडकं भरलं. चौघांनी खाट टेम्पोतून उतरवली. जिन्याशी आल्यावर हातात धरलेली खाट कठड्याला अडू लागली, तेव्हा मुकादमाने सांगितलं, "खांद्यावर घ्या रं." त्यांनी ती खांद्यावर घेतली. मडक्यातलं पाणी सांडू नये म्हणून मी सुतळी धरून सावकाश पुढे चालत होतो. ते माझ्या मागे, माझ्याच चालीने.

पहिल्या मजल्यावर एक दार उघडं होतं. पन्नाशीचा एक गृहस्थ बनियनवर बाहेर आला, आम्हाला पाहून त्याने पायातल्या सपाता बाजूला काढल्या आणि हात जोडले. आतून बाईचा आवाज आला, "बंटीला आत घ्या हो." मी जवळून जाताना त्याने हलक्या आवाजात विचारलं, "कधी गेले?"

मला प्रश्न समजला नाही. मी मागे वळून पाहिलं. वडिलांनी चादरीतून डावा हात बाहेर काढला होता आणि कपाळापर्यंत नेऊन ते त्या गृहस्थाच्या नमस्काराला उत्तर देत होते.

गृहस्थ भिंतीला टेकला. आई तोवर वरून उतरत आली होती. ती वरच्या पायऱ्यांवर थांबली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मागच्या चौघांकडे.

"तुझ्या हातात काय आसा?"

मी हाताकडे पाहिलं.

"तां खाली ठेव. आधी ठेव. रे, खाली ठेवा त्यांका."

हमालांच्याही तेव्हाच लक्षात आलं. खाट खांद्यावरून उतरवण्याऐवजी मागचे दोघे तशीच घेऊन पायऱ्या उतरू लागले, पुढचे ओढले गेले, आणि एवढ्या घाईने ते खाली आले की वडील एका कडेला सरकले. खालच्या खांबांमध्ये खाट टेकवून चौघंही लांब जाऊन उभे राहिले. एकाने नळावर जाऊन हातपाय धुतले. ते पाहून दुसऱ्यानेही धुतले.

मी मुकादमाला समजावून पाहिलं. मडकं ठेवून देतो. मी मागून येतो. पाचवा माणूस बघू, वॉचमनला घेऊ. तो मान हलवत राहिला.

"पोरं भ्याली, सायेब. खांदा दिऊन झाला. आता त्या खाटंला न्हाई कुणी हात लावायचं."

"मग आधी का नाही बोललात?"

"तुमी बोलला?"

जास्त पैसे देतो म्हटलं, तर तो नुसता हसला आणि म्हणाला, सामान चढवतो, तेवढं ठरल्याप्रमाणे. परत घाटकोपरला जाण्यात अर्थ नव्हता. खोलीत एव्हाना दुसऱ्यांची चूल पेटली असणार. ड्रायव्हर टेम्पोला टेकून उभा होता. "ओ दादा, जे काय करायचं ते लवकर करा ना. दुसरी फेरी आहे मला. माझी वाट लागेल."

मग सामान चढू लागलं. कपाट, ट्रंका, पाटा, डबे, गाद्या एकेक करून वडिलांच्या खाटेशेजारून वर गेल्या. हमाल जाता-येता खाटेला मोठा वळसा घालत. वडील प्रत्येक वस्तूकडे मान वळवून पाहत होते. आई त्यांच्या उशाशी उभी होती आणि डोळ्यांवरचं ऊन पदराने अडवत होती. त्यांनी काही तरी म्हटलं.

मी विचारलं, "काय म्हणतायत?"

"चलत जातंय म्हणतत."

आम्ही खुर्ची आणवली. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थाचीच होती, हातांची. त्यात बसवून कमरेला आईची साडी बांधली. मी आणि त्याने मिळून खुर्ची उचलली. तीन-चार पायऱ्यांतच वडील उजवीकडे कलले आणि साडी काखेपर्यंत सरकली. त्यांचा श्वास अडकू लागला, तसं आम्ही खुर्ची परत खाली आणली. गृहस्थाला दम लागला होता. त्याच्या बायकोने वरून हाक मारून त्याला त्याच्या ब्लडप्रेशरची आठवण करून दिली. तो ओशाळून म्हणाला, "सॉरी हं." आणि वर गेला.

शेवटी मुकादमच पुढे झाला. दयेने झाला की टेम्पोवाल्याच्या कटकटीने, ते मला सांगता येणार नाही. "पाठीवर टाका. खाटंवरनं न्हाई घेणार. खुर्चीवरनं द्या." आम्ही वडिलांना त्याच्या पाठीवर दिलं. डावा हात त्याच्या गळ्याशी, उजवा लोंबता. मी मागून उजवा पाय धरला होता, तरी तो पायऱ्यांच्या कडांना आपटत होता. वडिलांना तिथे दुखत नसे. तो आवाज आम्हालाच ऐकू येत होता. प्रत्येक मजल्यावर मुकादम भिंतीला टेकून थांबे, शिव्या देई, पुन्हा निघे. तिसऱ्या मजल्यावर त्याने एका हमालाला पाठ द्यायला सांगितलं. तो नको म्हणाला. मुकादमच वर आला. हॉलमधल्या गादीवर वडिलांना उतरवलं तेव्हा त्याचे पाय थरथरत होते. आईने पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्याने उभ्यानेच संपवला.

जाताना दारातून म्हणाला, "खाट तेवढी तुमी बघा."

मी वॉचमनच्या मदतीने ती वर आणतो म्हटलं, तर आईच नको म्हणाली. रिकामीसुद्धा नको. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे वाद घालता येईना. दुसरी खाट घेऊ, पगार झाल्यावर, असं मी म्हणालो. ती म्हणाली, घेऊया. खाली वॉचमनने खाट भिंतीशी ओढून घेतली आणि तिच्यावर आपलं अंथरूण टाकलं.

संध्याकाळी वडिलांनी डाव्या हाताने संडासाच्या दाराकडे खूण केली. दार उघडंच होतं. आतली नवी फरशी दिसत होती. आई लगबगीने उठली. तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदाच काहीसं बरं वाटल्यासारखं दिसलं.

खाटेवरून त्यांना उभं करायची आमची पद्धत बसून गेली होती. पाय खाली सोडायचे, आईने समोरून कमरेला धरायचं, मी काखेत हात घालायचा. अर्धी उंची खाटच देत असे. जमिनीवरून ते जमेना. एकदा गुडघ्यापर्यंत उठवलं आणि उजवा पाय फरशीवर घसरला. दुसऱ्यांदा आईचा हात सुटला. त्यांचं वजन सगळं माझ्यावर आलं आणि मी त्यांना घेऊन गादीवर बसलो. वडील घाईत होते. ते बोलत नव्हते, पण डावा हात माझ्या दंडावर आवळत होते.

"खालच्या माणसाक बोलव," आई म्हणाली.

मी धावत पहिल्या मजल्यावर गेलो. बेल वाजवली. गृहस्थ जेवायला बसला असावा. हात खरकटा होता. माझा चेहरा पाहून तो दारातच थांबला. मग म्हणाला, "काय, झालं काय?"

"वडिलांना उचलायचंय."

त्याने मागे बायकोकडे पाहिलं.

"तसं नाही," मी म्हणालो. "संडासला न्यायचंय."

"हां, हां. आलो." त्याने हात धुतला, शर्ट चढवला. शर्टाची बटणं लावत तो जिना चढू लागला. त्याला वेगाने चढता येत नव्हतं आणि मला त्याच्या पुढे धावता येत नव्हतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा आई गुडघ्यांवर बसून पांढऱ्या चादरीने फरशी पुसत होती. वडिलांच्या अंगावर दुसरं पांघरूण होतं. तिने आमच्याकडे वर पाहिलं, चादरीची गुंडाळी करून ती मागे सरकवली आणि साडी सारखी केली.

"या," ती त्या गृहस्थाला म्हणाली. "बसा. चाय ठेवतंय."

नको म्हणायचं की बसायचं, ते त्याला ठरवता येईना. मग तो बंद ट्रंकेच्या कडेवर बसला आणि खिडकीकडे पाहत म्हणाला, चौथ्या मजल्यावर हवा चांगली येते.