आडवं बोअर

आमच्या विहिरीत तळाच्या वर पुरुषभर उंचीवर दगडाचा एक टप्पा आहे. उन्हाळ्यात पाणी उतरून तो उघडा पडला, की वडील मोटार बंद करायचे. पीक उभं असलं तरी. "खालचं पाणी माणसाजनावराचं हाय, रानाचं न्हाई," एवढंच म्हणायचे. मला तो हेकटपणा वाटायचा.

ते गेले आणि मला शहाणपण फुटलं. मी ऊस लावला. होळीच्या आधीच टप्पा उघडा पडला, तर आडव्या बोअरचं मशीन विहिरीत उतरवलं. आतून भिंतीला आडवी भोकं पाडायची आणि झरा असेल तिकडून पाणी ओढून घ्यायचं. दोन भोकं कोरडी गेली. तिसरं उगवतीला मारलं. तिकडं चुलतीचं रान, तिची विहीर पन्नास पावलांवर. माहीत नव्हतं म्हणायची सोय नाही.

पाणी धो धो आलं. नारळ फोडला, पेढे वाटले. चुलतीही आली. "लय चांगलं झालं बाबा," म्हणाली.

आठ दिवसांत तिची विहीर आटली. वांगी उभ्यानं वाळली. ती घागर घेऊन माझ्या बांधावर आली.

"म्हशीपुरतं पानी नेऊ का रं?"

"न्या की काकू, इचारायचं काय त्यात?" मी ऐटीत म्हणालो. तिनं मला हात जोडले. वडील अंथरूण पाहून पाय पसरायचे. मी चुलतीच्या अंगाखालचं ओढून घेतलं होतं. हे पाणी तिचंच, असं तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात माझीही विहीर कोरडी पडली. ऊस चाऱ्याला गेला. चुलतीनं म्हैस सेलूच्या बाजारात विकली आणि दोन दिवस जेवली नाही. आता आम्ही दोघंही टँकरची वाट बघतो. मला स्वतःची लाज वाटते, पण लाजेनं झरा भरत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या नातीला बघायला पाहुणे आले. चुलतीनं मला मुद्दाम शेजारी बसवलं.

"माजी विहीर आटली तवा ह्या पुतण्यानं पानी दिलं," ती त्यांना सांगू लागली. "असा मानूस घावायचा न्हाई."

पाहुण्यांनी माझ्याकडं कौतुकानं पाहिलं.

"त्यात काय एवढं," मी म्हणालो.